भेगा पडलेली बांधी

सासूबाई आज बांधीच्या धुऱ्यावर बसल्या होत्या. त्या खाचरातलं उन्हाळी धानाचं पाणी आम्ही मुद्दाम सोडलं होतं, चिखलाला भेगा पडल्या होत्या. पाणी सतत साचलं की चिखलातून वायू निघतो, हवा तापते. मधूनमधून सुकवलं तर पीक तेवढंच येतं, पंपाचा खर्चही वाचतो, असं आमचे हे सांगतात.

"बांधीला भेग पडू देते ती बाई आळशी, असं माझी सासू म्हणायची," त्या म्हणाल्या. धुऱ्यातली खेकड्यांची भोकं बुजवत त्यांनी जन्मभर पाणी राखलं. पायाची बोटं सडायची.

त्यांनी धानाच्या रोपांचा चूड मुठीत धरून पाहिला.

"फुटवे तर चांगले आहेत गं. मग मी कशाला राखत होते पाणी?"

आमच्या ह्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्या वेळी ते खोटं असतं तर बरं, असं वाटलं.