बोंबलाची डोकी आणि निळा ड्रम

धोंडूबाईचं आयुष्य वसईजवळच्या होळी गावातल्या वाडीत गेलं. पानवेल म्हणा, केळ म्हणा, तिनं लावलं की जीव धरायचंच. गुडघ्यांनी दगा दिला तसा लेक कल्पेश तिला विरारच्या फ्लॅटात घेऊन आला. पाचवा मजला, वर गच्ची. महिनाभर ती खिडकीत बसून राहिली आणि एक दिवस सुनेला म्हणाली, "खुशी, रोज एवढी सालं, देठं, चहाचा चोथा पिशवीत बांधून खाली धाडता. आमच्या वाडीत असं टाकनाऱ्याला लोक येडा म्हनतील."

खुशीनं एक जुना निळा ड्रम मिळवून दिला. तो गच्चीवर गेला आणि धोंडूबाई माणसात आली. हळूहळू सहा घरचे डबे वर यायला लागले. डबा रिकामा करता करता बाया दोन शब्द बोलायच्या, सुनांच्या तक्रारी सांगायच्या. खुशीचीही एखादी ती ठोकून द्यायची.

घोळ झाला तो मार्चात. वाडीत पानवेलीला मासळीचं खत घालायची तिची सवय. अर्नाळ्याहून टोपली घेऊन येणाऱ्या कोळणीकडून तिनं बोंबलाची डोकी, कोळंबीची सालं मागून घेतली नि ड्रमात ओतली. खताला ताकद येईल म्हणून. ताकद आली ती वासाला. तिसऱ्या दिवशी गच्चीवर चार मांजरं जमली आणि चौथ्या मजल्यावरच्या वसुंधराताईंच्या तिथंच वाळत घातलेल्या चादरी अशा घमघमल्या, की त्यांचा नवरा हॉलमधल्या सोफ्यावर झोपला. हा नवरा म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रहास.

"मावशी, रविवारपर्यंत बघतो," ते दारात उभे राहून म्हणाले. "वास गेला नाही, तर ड्रम भंगारात."

"आनि मी?"

"तुम्हाला कोण भंगारात घालतंय?"

ते हसले. धोंडूबाई हसली नाही. ड्रम गेला की पुन्हा ती खिडकी आणि ती.

त्या दुपारी तिच्या ध्यानात आलं. वाडीत मासळी चर खणून हातभर मातीखाली पुरायची. इथं तिनं ती उघड्यावर ओतली होती, तीही बिनभोकाच्या ड्रमात. "माजीच अक्कल चरायला गेलती," ती खुशीला म्हणाली. कल्पेशनं ड्रिलनं ड्रमाला भोकं पाडली. मासळीची घाण तिनं दोन पिशव्यांत भरली नि रिक्षानं भावाच्या वाडीत नेऊन केळीखाली पुरली. अर्ध्या वाटेत रिक्षावाल्यानं विचारलंच, "आजी, नेमकं मेलंय काय?"

गेटजवळच्या बदामाची लाल पानं झाडूवाली रोज घंटागाडीत टाकायची. सासूसुनेनं ती तीन गोण्या भरून वर आणली. ओल्या कचऱ्यावर सुक्या पानांचा थर, पुन्हा कचरा, पुन्हा पानं. रोज काठीनं ढवळणं. बुधवारी वास होता. शुक्रवारी कमी वाटला. शनिवारी तिला येईनाच, पण भरवसा कसा धरायचा? नाक मेलं असलं तर?

"खुशी, जरा वास घेऊन सांग ग."

"आई, मला दोन दिवस सर्दी आहे."

रविवारी चंद्रहास वर आले, मागून वसुंधराताई. ते ड्रमावर वाकले.

"नाही येत."

"नीट घ्या, भाऊ," धोंडूबाईच म्हणाली.

त्यांनी तोंड पार आत घातलं. मुठीत तळाचं जुनं, काळं, भुरभुरीत खत घेतलं, हुंगलं. "नाही येत, मावशी. ड्रम राहू दे. पण मासळी ताटातच."

"ताटातच," ती म्हणाली.

वसुंधराताईंनी पाठीमागे धरलेला डबा पुढे केला. दुधीची सालं होती. "ओतू?"

"ओता. वरून दोन मुठी पानं टाका."

डबा रिकामा झाला तशी धोंडूबाई टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसली. पाय लांब करून ती सुनेला म्हणाली, "खुशी, चहा ठेव ग. आनि कालची भाकर असंल तर ती पन दे. सकाळपास्नं पान्याचा घोटसुदा उतरला नाय."