घोडा, कारकून आणि आजा

आमच्या मोगलबाईंना कुठल्याही बादशहाची भीड वाटत नसे. दिल्लीचा असो, इस्तंबूलचा असो की इराणचा, वर्गात त्या सगळ्यांना एकेरीतच हाणायच्या. “त्यानं तख्त घेतलं, मंग सख्ख्या भावाले कोंडलं, आन् मंग नमाजाले बसला,” हे त्या असं सांगायच्या की जणू शेजारच्या घरात कालच घडलं आहे. कारंजा घाडग्याच्या हायवेला लागून असलेल्या आमच्या शाळेत त्या जन्मभर इतिहास शिकवत आल्या होत्या. मोगलांचा धडा रंगवून सांगतात म्हणून मागच्या कुठल्यातरी वर्गाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. एकदा एकाने विचारलं, “बाई, पण आपले राजे चांगले होते ना?” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “आपला असला म्हंजे त्याचा घोडा उभं पीक खात नाई काय?” आम्ही हसलो आणि त्यांनी फळा पुसायला घेतला.

“राज्य कराले तीनच गोष्टी लागते, पोट्टेहो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “पह्यले घोडा लागते, जिंकाले. मंग कारकून लागते, सांभाळाले. आन् सगळं झालं का शेवटी आजा लागते, मिरवाले.” आजा म्हणजे थोर पूर्वज. दांडगाईने मिळवलेलं दांडगाईने मिळवलं असं कोणीच म्हणत नाही, म्हणून गादीवर बसल्या बसल्या मुनशी बोलावून आजा शोधायचा. कुणी पैगंबराच्या घराण्याशी नातं जुळवलं, कुणी तुर्कांच्या मूळपुरुषाशी. तैमूरवर बाईंचा विशेष राग. “त्याले चंगीजखान आजा पाह्यजे होता, पण तो त्या कुळात जन्मलाच नाई. मंग का केलं? त्या घरची पोरगी केली आन् नावापुढं ‘जावई’ अशी पदवी लावली. एवढी शहरं जाळली, आन् मिरवते काय, तं जावई! आजा सापडत नसला तं सासरा पाहावा, हे त्यानं शिकवलं.”

दुसरी त्यांची सवय लाल पेनाची. अकबर थोर होता, शहाजहान रसिक होता, असं पुस्तकातलं वाक्य आम्ही वहीत उतरवलं की समासात त्या लिहायच्या, ‘कोणी सांगितलं?’ चूक नाही, बरोबर नाही, फक्त तेवढाच प्रश्न. खाली ते मुळात ज्याने लिहिलं त्याचं नाव आणि तो कुणाचं मीठ खात होता हे लिहून आणलं तर मार्क मिळत. मी ते नेमाने आणायचो. बाईंचा मी लाडका होतो, हे सांगायला आज लाज वाटते.

बाईंचं खरं पुस्तक मात्र शाळेच्या खिडकीबाहेर होतं. आमच्या मैदानाला लागून एक ढाबा होता. ढाबेवाल्याने दोन ट्रक घेतले आणि ते आमच्या कबड्डीच्या पट्टीवर उभे राहू लागले. मग ट्रकांना सावली हवी म्हणून शेड आली, शेडला कुंपण आलं, कुंपणाला कुत्रं आलं. तीन उन्हाळ्यांत मैदान गेलं आणि चौथ्या उन्हाळ्यात तो संस्थेचा अध्यक्ष झाला. बळी तो कान पिळी, यात नवं काही नाही. नवं एवढंच की पंधरा ऑगस्टला तो वरच्या गॅलरीत येऊन उभा राहायचा आणि खाली आम्ही उन्हात टाळ्या वाजवायचो. बाई रांगेत शेजारी उभ्या राहून हळूच म्हणायच्या, “बादशहाबी रोज सकाळी झरोक्यात यायचा, लोकाईले तोंड दाखवाले. नाई आला तं लोक म्हनत, मेला. हा वर्षातून एकदा येते, थोडा तरी आराम आहे.”

संस्थेच्या तळेगाव आणि अल्लीपूरलाही शाखा होत्या. पट तपासायला साहेब येणार असले की तळेगावची पोरं ट्रकमध्ये भरून आमच्या बाकांवर आणून बसवत, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला तिकडे नेत. मी स्वतः एका आठवड्यात दोन शाळांत हजर होतो. सरदार लोक एकच घोडा दोनदा मोजून दाखवत म्हणून बादशहा घोड्यांवर डाग देत असे, हे बाईंनी आम्हाला शिकवलं होतं. साहेब वर्गात असताना त्या गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “साहेब, डागाचं लोखंड आणलं काय?” साहेबांना काही कळलं नाही. मुख्याध्यापकांना कळलं. ते नाकाने कांदे सोलत वर्षभर बाईंशी बोलले नाहीत.

पुढे मी त्याच शाळेत इतिहासाला लागलो, विनाअनुदानित तुकडीवर. म्हणजे नावाला मास्तर, घरी खायला बापाच्या किराणा दुकानाचं. अनुदानित जागेवर जायचं तर प्रस्तावावर अध्यक्षांची सही हवी होती, आणि मी सात वर्षं ती सही कुठल्या बाजूने येते हे पाहत होतो. अशात शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. घोडा झाला होता, कारकून पोत्याने झाले होते. अध्यक्षांना आता आजा हवा होता. स्मरणिकेत घराण्याचा इतिहास छापायचा आणि तोच फाटकावर काळ्या दगडात कोरायचा, असं ठरलं. पहिलं बोलावणं अर्थातच बाईंना. मी त्या खोलीत होतो.

“मॅडम, आमचं घरानं जुनं आहे. जरा नीट लिहून द्या, तुम्हाले तं सगळं येते,” अध्यक्ष म्हणाले.

“अध्यक्षसाहेब, तुमच्या आज्याले मी पाह्यलं आहे,” बाई म्हणाल्या. “तळेगावच्या बाजारात मिरच्या विकत. माहे बाबा त्याईच्याचकडून घेत. माप झालं का वरतून एक मूठ टाकत, लेकराच्या नावानं म्हनत. असा आजा कोनाच्या नशिबी येते? तो लिहून देतो मी, आत्ताच. त्याले काऊन फेकून राह्यले तुम्ही?”

अध्यक्ष हसले. पंधरा दिवसांत बाईंची अल्लीपूरच्या शाखेत बदली झाली. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं, गुडघे गेले होते, आणि अल्लीपूर होतं जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. बाईंनी पिशवी भरली. “जहागीर बदलली,” एवढंच म्हणाल्या.

मग तो मजकूर कोणी लिहिला? मी. कोणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. अध्यक्षांनी प्रस्तावाची फाइल टेबलावर ठेवली आणि चहा मागवला, एवढंच. कागद कुठलाच नव्हता, म्हणून मी एक देशमुख घराणं उभं केलं, ज्याचा आज कुणी वारस नाही. त्या घरची मुलगी अध्यक्षांच्या पणज्याला दिली. सनद वर्धा नदीच्या पुरात वाहून घालवली. भाषा घोटीव केली आणि खाली स्वतःचं नाव घातलं नाही. माझ्या प्रस्तावावर सही झाली.

समारंभाला बाई अल्लीपूरहून आल्या. स्मरणिका त्यांनी मांडवातच वाचली, जेवल्या नाहीत. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. अल्लीपूरकडे जाणारी हिंगणघाटची बस लागायची होती.

“जावई केलं त्याले,” त्या म्हणाल्या.

मी त्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“चांगलं लिवलं. कुठं जोड दिसत नाई.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, आणि तेच मला आजवर सोसत नाही. “घोडा त्याचा होता रे. आजा तू देल्ला. पण कारकून मी घडवला. पस्तीस वर्सं मले वाटे, मी पोट्टे शहाणे करून राह्यलो.”

बस आली. मी त्यांचा हात धरून त्यांना चढवलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. दोन वर्षांपूर्वी त्या अल्लीपूरलाच वारल्या, निवृत्तीनंतर इकडे परत आल्याच नाहीत. मी मातीला गेलो होतो, मागे उभा राहिलो.

आता मी कायम आहे. मोगलांचा धडा मीच शिकवतो आणि घोडा, कारकून, आजा हे सगळं सांगतो. पोरं हसतात, त्यांना वाटतं सर फार बेडर आहेत. मागच्या महिन्यात नववीला ‘आपल्या गावाचा इतिहास’ हा प्रकल्प दिला. एका मुलीने फाटकावरचा दगड अक्षरशः उतरवून आणला होता, देशमुख, जावई, पूर, सगळं, सुंदर अक्षरात. समास मोकळा सोडला होता. मी लाल पेन उघडला, बराच वेळ त्या समासावर धरला. मग खाली ‘बरोबर’ची खूण केली आणि दहापैकी दहा दिले.