द्राक्षबागेत लपलेला खुनी

आमच्या द्राक्षबागेत एक खुनी लपला होता. पिंपळवंडीत बिबट्या आला तर फटाके वाजवतात. खुन्यासाठी काय वाजवायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

तसा हा खुनी कागदावरचा. माझ्या भावाने पेठहून येताना एक जुनी कादंबरी आणली होती. दूर समुद्रात एक बेट, माडांच्या बनात एक लॉज, आणि एका सकाळी लॉजची मालकीण झोपाळ्यावर मेलेली! तपास करते कोण, तर एक रिटायर पोस्टमास्तरीण आणि तिची मांजर. रक्तबिक्त फार नाही, चहा मात्र पानोपानी. (तो चहा दुसरंच कुणीतरी करून आणतं, म्हणून तर मला ते पुस्तक आवडलं.)

माझी वाचायची वेळ म्हणजे दुपारची भांडी घासून झाल्यावर, डोळे मिटायच्या आत. दोन पानं झाली की पुस्तक तोंडावर पडायचं. एकदा सासूबाईंनी (मी त्यांना आत्या म्हणते) विचारलं, "काय वाचती गं एवढं?" मी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी जेवणं होताच त्यांनी माझ्या हातातली कढई ओढून घेतली.

"तू बस. फुडं वाच आन मला सांग. भांडी मी बघते."

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं!

मग रोज दुपारी आत्या भांडी घासायच्या आणि मी पाय पसरून बेटावर जायचे. आत्यांचा संशय पहिल्यापासून मालकिणीच्या पुतण्यावर.

"जमिनीपायी केलं आसंल त्यानं. बांध कोरणाऱ्यातला दिसतूय."

"आत्या, बेटावर बांध नसतो."

"बांध न्हाई आशी जागा आसती व्हय?"

सगळं छान चाललं होतं. पण एके दिवशी आत्या चष्मा लावून, अक्षराला अक्षर जुळवत, शेवटचं पान वाचायच्या बेतात सापडल्या. खुनी कळला की भांडी परत माझ्याकडे! पुस्तकाची शिवण उसवलेलीच होती. मी उरलेली पानं काढली आणि ओसरीवरच्या रद्दीच्या गठ्ठ्यात खुपसली. रद्दीत कोण बघतंय? (हा विचार एका द्राक्षवाल्याच्या बायकोने केला!)

काळी द्राक्षं रंगावर आली की घडाघडाला कागद गुंडाळतात. ऊन लागत नाही, रंग सारखा चढतो. त्याच आठवड्यात एका दुपारी पानं काढायला ओसरीवर आले, तर गठ्ठा गायब. आमचे हे हातात स्टेपलर घेऊन पाणी पीत बसलेले.

"अहो, ती रद्दी?"

"लावली की. कागद कमीच पडत व्हता. मधी ती बारकी छापील पानं घावली, जोडून जोडून भागवलं."

आत्यांच्या हातातलं पातेलं सुटलं. "म्हंजी खुनी बागंत हाय?"

साबणाच्या हातानेच त्या निघाल्या. एका ओळीत आत्या, दुसरीत मी. कागद सोडायचा, वाचायचा, पुढचा घड. सोडलेला परत लावायला वेळ कुणाला! मागून हे ओरडतायत, "आये, घड डागाळत्याल! आज पावणं यायचंत माल बघाया!"

"येऊ दे. हितं बाईचा जीव गेलाय!"

पाहुणे म्हणजे व्यापारी. आलेच ते! आत्यांनी पाणीसुद्धा न विचारता त्यांना तिसरी ओळ नेमून दिली. "पावणं, तेवढी बघा. बारका कागद घावला की हाळी द्या." माणूस भला. त्यांनी घडामागून घड सोडत मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "कोथिंबिरीची आवक घटली... भावपूर्ण श्रद्धांजली... वधू पाहिजे... मावशी, ह्यात मालाची काय भानगड हाय?"

आणि नेमकं तेव्हा माझ्या घडावर ते पान निघालं. वाचलं. खुनी कळला!

"घावलं का गं?" घामाघूम आत्यांनी पलीकडून विचारलं. मला त्यांची मनापासून दया आली. मग उद्याचा भांड्यांचा ढीग डोळ्यांपुढे आला. पान ब्लाउजात गेलं.

"नाही हो आत्या!"

व्यापारी "पुन्हा येतो" म्हणून जे गेले ते गेलेच. हे माझ्याशी फक्त जेवायला मागण्यापुरतं बोलू लागले. आत्या तेवढ्या खंबीर. "पानं गेली तर जाऊ दे. तू शिकल्याली हाईस. तपास फुडं चालव."

तेव्हापासून मी तपास चालवतेय. रोज दुपारी नवा भाग लागतो. बेटावर ग्रामपंचायतीची निवडणूक झाली, मांजर दोनदा व्याली, पुतण्याची सोयरीक जमून मोडली. भाकरी थापताना डोक्यात संशयित, त्यामुळे भाकरी करपते. आत्यांच्या सगळं लक्षात राहतं. मागच्या आठवड्यात मेलेला माणूस काल चुकून दुकानात गेला, तर त्यांनी तिथेच पकडला. दुपारची झोप तर केव्हाच गेली. काल अगदीच अंगातलं त्राण संपलं, तेव्हा मी हात जोडले.

"आत्या, आज भांडी मी घासते. गोष्ट तुम्ही सांगा."

त्यांनी कढई आणखी घट्ट धरली. "नगं बाई. ते लई कष्टाचं काम!"