नाव न घेणाऱ्या बायकांचा वॉर्ड

मंठ्याच्या एका लहानशा खासगी रुग्णालयात हसीना सिस्टर सर्वांत जुन्या. पती वारले, मुलगी फरहाना लग्न होऊन परभणीला गेली, तेव्हापासून त्यांच्या घरात बोलणारे कुणी उरले नव्हते. सकाळी कुलूप लावताना जी शांतता आत राही, तीच संध्याकाळी दार उघडताच समोर येई. त्यामुळे घरापेक्षा स्त्रियांचा वॉर्ड त्यांना जवळचा वाटे, आणि त्यातही औषधांच्या खोलीत अर्पितासोबत डबा खाण्याची दुपारची वेळ.

अर्पिता नर्सिंगचे शिक्षण संपवून नुकतीच रुजू झाली होती. रुग्णांसमोर ती त्यांना 'सिस्टर' म्हणे. डबा उघडला की 'मावशी'.

"मावशी, ही भाजी हाय का नुसतं गरम पाणी?"

"एकटीसाठी कोण मसाला वाटत बसतं? तू आणत जा की."

दुसऱ्या दिवसापासून अर्पिताच्या डब्यात त्यांच्या वाट्याची भाजी येऊ लागली.

त्या आठवड्यात वॉर्डात दोन गोजरबाई होत्या. एकीच्या नवऱ्याचे नाव साहेबराव. तिला मधुमेह होता. दुसरीच्या नवऱ्याचे नाव रामकिसन. ती न्यूमोनियासाठी दाखल झाली होती. सुई देण्यापूर्वी रुग्णाचे पूर्ण नाव त्याच्याच तोंडून ऐकावे, आपण सुचवू नये, असा हसीना सिस्टरांचा दंडक होता. दंडक योग्यच होता; परंतु खेड्यातल्या वयस्क स्त्रियांपुढे तो अडे, कारण पूर्ण नावात नवऱ्याचे नाव येते. 'गोजरबाई' एवढे सांगून त्या थांबत आणि पदर तोंडाशी नेत. मग परिचारिकाच नवऱ्याचे नाव घेई आणि बाई मान हलवी. ही पळवाट हसीना सिस्टरांना ठाऊक होती. बायांना संकोच नको, म्हणून त्यांनीच ती चालू दिली होती.

एकीला पंख्याचे वारे सोसत नाही म्हणून त्या दोघींनी एके दिवशी आपापसांत खाटा बदलून घेतल्या. दुपारी अर्पिता जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊन नेहमीच्या खाटेपाशी गेली.

"आजी, पूर्ण नाव?"

"गोजरबाई."

"गोजरबाई साहेबराव ना?"

म्हातारी घुटमळली, किंचित हसली आणि तिने मान हलवली. ती रामकिसनची गोजरबाई होती. तिचा डबा गावाहून यायचा होता. ती उपाशीच होती.

काही वेळाने हसीना सिस्टर तिच्या खाटेजवळून गेल्या, तेव्हा म्हातारीच्या कपाळावर थंड घाम डवरला होता आणि ती असंबद्ध बोलत होती. त्यांनी तत्काळ साखर तपासली. ती धोक्याच्या पातळीच्याही खाली होती. डॉक्टरांना हाक मारून त्यांनी शिरेतून ग्लुकोज सुरू केले. पलीकडच्या खाटेवरची गोजरबाई म्हणाली, "सिस्टर, माझी सुई राह्यली ना आज." ते ऐकताच अर्पिता ट्रे तिथेच ठेवून औषधांच्या खोलीत गेली.

म्हातारी शुद्धीवर आली. इन्सुलिन पुन्हा साखर खाली खेचू शकते, म्हणून हसीना सिस्टर तिच्या उशाशी बसून राहिल्या. डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "पेशंट बरा आहे. अशक्तपणानं चक्कर आली म्हणून सांगा. उगाच बोभाटा झाला तर उद्या लोक येऊन काचा फोडतील."

"साहेब, डबा घेऊन आलेला तिचा मुलगा तिला डोकं तपासायला जालन्याला न्यायचं म्हणून राह्यला. नसलेल्या दुखण्यामागं फिरत बसतील ती माणसं."

अर्पिता औषधांच्या खोलीत उभीच होती. "मावशी, सांगू नका. ही नोकरी गेली तर घरचे मला परत बोलावून घेतील."

हसीना सिस्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं नाव माझ्या तोंडून येणार न्हाई. पण झालेलं मी सांगणार."

म्हाताऱ्या आईचा हात धरून बसलेल्या बद्रीनाथला त्यांनी सारे सांगितले. त्याचा चेहरा उतरला.

"कोणत्या सिस्टरनं दिली सुई?"

"वॉर्ड माझ्याकडं आहे. जबाबदारी माझी."

"तसं कसं?" म्हातारी उशीवरून बोलली. "ती लहान पोरगी व्हती. तिला नका बोलू. तिनं भलतंच नाव घेतलं तवाच मला समजलं व्हतं. पण बराबर करायचं म्हणलं तर ह्यांचं नाव घ्यावं लागलं असतं."

"आये, मंग मान कशाला हलवली?"

"डॉक्टरच्या दवाखान्यात काय न्हाई म्हणावं, बाबा?"

बद्रीनाथ डॉक्टरांशी मोठ्या आवाजात बोलला. काचा फुटल्या नाहीत. त्याने जालन्याचा बेत रद्द केला. अर्पिताची नोकरी राहिली, मात्र डॉक्टरांनी सर्वांदेखत तिची हजेरी घेतली. त्या वेळी हसीना सिस्टर पुढे होऊन म्हणाल्या, "साहेब, नाव सुचवायची सवय मीच चालू दिली. चूक माझ्यापासून सुरू होते." अर्पिताने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

दुसऱ्या दिवसापासून हसीना सिस्टरांनी प्रश्न बदलला. हिंदू असो वा मुसलमान, प्रत्येक स्त्रीला तिचे नाव आणि माहेरचे गाव विचारायचे, दाखल करतानाच ते तिच्या केसपेपरवर घ्यायचे, आणि सुई देण्यापूर्वी पुन्हा विचारून ताडून पाहायचे. नवऱ्याच्या नावाशी अडखळणाऱ्या बाया माहेरचे गाव विनासंकोच सांगत. काही जणी तर तिथल्या विहिरीपर्यंत पोचत आणि त्यांना आवरावे लागे.

अर्पिता आता वरच्या मजल्यावर इतर मुलींसोबत जेवते. औषधांच्या खोलीत एकच डबा उघडतो. आजही तो उघडला होता, तेवढ्यात अर्पिता दारात आली.

"सिस्टर, ट्रे पाहिजे."

"घे. जेवलीस?"

"हो, सिस्टर."

ती गेली. उघड्या दारातून तिचा आवाज ऐकू येत राहिला.

"आजी, नाव सांगा."

"गयाबाई."

"माहेर कुठलं?"

"वाटूर. आमच्या वाटूरला ना..."

"थांबा आजी, कागद बघू द्या."

केसपेपर उलटल्याचा आवाज आला. सुई मगच दिली गेली. हसीना सिस्टरांचे माहेर अंबडचे. इतक्या वर्षांत ते त्यांना कुणी विचारल्याचे आठवत नव्हते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून भाजीला लावला. भाजीत मसाला नव्हता.