बशीतलं हाड

डबे भरायचे होते, दूध उतू जायच्या बेतात होतं आणि धाकटीचा एक मोजा सापडत नव्हता. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार कोण ठोठावतंय म्हणून उघडलं, तर वरच्या मजल्यावरच्या काचताई. बेलपर्यंत त्यांचा हातच जात नव्हता.

काचताई हे आमच्या मुलांनी ठेवलेलं नाव. हाडांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं काचेची भांडी धुतात. बसा म्हटलं, तर भिंत धरून उभ्याच राहिल्या. बसलं की उठवत नाही, म्हणाल्या. आदल्या दिवशी बादली उचलायला वाकल्या आणि पाठीत कट्‌ झालं. एक्स-रेत दोन मणके चेपलेले निघाले.

डॉक्टरांनी हाडांच्या गोळीचं विचारलं. आठवड्याला एक, उपाशीपोटी, वर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्यांनी ती चौदा महिन्यांपूर्वीच बंद केली होती.

झालं होतं असं. प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या बशांमध्ये हाडाच्या पेशी वाढवतात. काहींत ग्रीन टीचा अर्क घालतात. पेशींनी नवं हाड धरलं की रंग टाकल्यावर बशी लाल होते. फेकायला आलेल्या बशा काचताई रोज बघायच्या. अर्काच्या बशा जास्त लाल. गोळीने छातीत जळजळायचं, म्हणून त्यांनी ती सोडली आणि दिवसाला सहा कप ग्रीन टी सुरू केला.

"तिथल्या संशोधक बाईंना एकदा विचारायचं तरी," मी म्हटलं.

"विचारायचं काय? डोळ्यांनी बघत होते ना."

डॉक्टर रागावले नाहीत, तेच त्यांना जास्त लागलं. बशीत अर्क थेट पेशींवर पडतो. प्यायलेल्या चहातलं पोट आणि यकृत ओलांडून हाडापर्यंत फारच थोडं पोहोचतं, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. चहा प्या हवा तर, पण गोळी सोडायची नव्हती.

मी दूध उतरवलं. त्या गेल्या नाहीत.

मग त्यांच्या थोरल्या बहिणीचं निघालं. आठ वर्षांनी मोठी, परगावी एकटी राहते. मनगट एकदा मोडलेलं. काचताईंनी चहाचं सांगितलं तेव्हा आधी तिने थट्टाच केली होती, तुझ्या बशीला म्हणावं माझ्या गुडघ्यांना येऊन भेट. पण आपली धाकटी बहीण प्रयोगशाळेत आहे, हे ती गल्लीभर सांगते. अखेर तिनेही गोळ्या टाकून दिल्या. त्याला वर्ष झालं.

"कालपासून तीनदा फोन लावला," काचताई म्हणाल्या. "ती 'काय गं' म्हणते आणि मी भलतंच काढते. हवापाण्याचं बोलून ठेवून देते."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. नंबर काढलेलाच होता.

"तू बोल. गोळी आजपासून परत सुरू कर, एवढंच सांग तिला."