वाकवलेल्या स्फटिकाचे सर

सबंध सेनगाव तालुक्यात वाकवलेल्या स्फटिकाची काळजी वाहणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या शेजारच्या खोलीत राहत होता. मी कॉलेजात मराठी शिकवायचो, सर पदार्थविज्ञान. औरंगाबादला त्यांनी संशोधन सुरू केलं होतं. वडील अंथरुणाला खिळले म्हणून ते अर्धवट सोडून इथली नोकरी धरली. वडील गेले, लग्न राहिलं ते राहिलंच. स्फटिक मात्र सुटला नाही. सिलिकॉनची केसाएवढी पातळ चकती, तिच्यात अणूंच्या रांगा, त्या रांगांमधून प्रचंड वेगाने जाणारे इलेक्ट्रॉन. चकती जराशी वाकवली की तेही रांग धरून वळतात आणि जाताजाता गॅमा किरण सोडतात. किती सोडतात, याचं गणित सर वर्षानुवर्षं वहीत मांडत होते. ते पडताळायला लागणारं यंत्र परदेशात होतं. सरांकडे पेन्सिल होती.

ऐकायला कोणीतरी लागायचं. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की खिशातली प्लॅस्टिकची पट्टी वाकवून सुरू व्हायचे. न्हावी शांतपणे म्हणायचा, "व्हय सर, पण मान हालवू नका." एकदा त्यांनी गावी शेती करणाऱ्या धाकट्या भावाला तुरीच्या चार ओळी कमानीसारख्या पेरायला लावल्या आणि मधून स्वतः पळून पाहिलं. भाऊ बांधावर उभा. "दादा, काहून पळून राहिला?" सर धापा टाकत म्हणाले, "वळताना अंग बाहेर फेकलं जातं का, बघून राहिलो." भावाने ही गोष्ट घरात कोणाला सांगितली नाही.

उरलेल्या संध्याकाळी माझ्या वाट्याला. चहा घेत तासभर बोलायचे.

पुढे हिंगोलीत इंटरनेटचं दुकान निघालं, तेव्हा आम्ही दोघं जीपने गेलो. अर्ध्या तासात पडद्यावर एक शोधनिबंध उघडला. परदेशातल्या चौघांनी तेच गणित करून, यंत्रावर ताडून, कधीच छापलं होतं. सरांनी वही काढली. बोट ठेवून एकेक आकडा जुळवला.

"बराबर आहे," ते म्हणाले. "माझं उत्तर बराबर आहे."

दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी खुर्ची मागितली, म्हणून आम्ही उठलो.

परतीच्या जीपमध्ये मला राहवलं नाही. "सर, खरं सांगू? मला यातलं कधी फारसं कळलं नाही."

"माहीत आहे," ते बाहेर बघत म्हणाले. "पण तुमी दरवेळी 'मग पुढं?' विचारायचे. बाकी कोणी विचारत न्हाई."

त्या संध्याकाळी मी सवयीने दोघांचा चहा टाकला. सर आले नाहीत. कप घेऊन मीच त्यांच्या खोलीत गेलो. ते खाटेवर बसून होते.

"आज सांगायला काही न्हाई हो," ते म्हणाले.

"काहीही सांगा."

त्यांनी कप हातात घेतला. मग ते औरंगाबादच्या प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या एका मुलीबद्दल बोलू लागले. ती डबा उघडला की आधी त्यांच्यापुढे सरकवायची. हे मला अगदी सगळं कळत होतं. पण पुढे काय, ते विचारायचा धीर झाला नाही.