तिसऱ्या भागातला नावाडी

त्या व्हिडिओ गेमचा नववा भाग मी दीड महिना खेळले आणि मशीनमधून काढून टाकला. वीट आला होता. रोज उघडला की बक्षीस, सात दिवस सलग उघडला की मोठं बक्षीस, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. हजेरी घ्यायला आमच्या चाकणच्या कंपनीत एचआर आहे, तेवढं मला पुरतं. सातव्या भागात सगळ्यांचे केस उडतात. गुहेत उडतात, पाण्याखाली उडतात, माणूस मरून पडला तरी उडतात. आठव्यात दर दहा मिनिटांनी सिनेमा लागतो आणि आपण हातात कंट्रोलर धरून लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखं बसून राहायचं. आणि हे आवडणारी माणसं आहेत! इंटरनेटवर तासन् तास भांडतात, कुठला भाग श्रेष्ठ म्हणून. मी ते वाचते आणि मला त्यांची किळस येते. मग मी स्वतःही दोन ओळी लिहून येते.

मालिका जपानी आहे. नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. चार-पाच जणांची टोळी घ्यायची, गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, राक्षस मारायचे आणि शेवटी कुठल्या तरी काळ्या किल्ल्यात जाऊन जग वाचवायचं. इतकी वर्षं झाली, जग अजून वाचतंच आहे, भाग मात्र येतायत.

माझा आवडता पाचवा. माझ्या मोठ्या भावाचा तिसरा. यावरून आम्ही दोघं वर्षानुवर्षं भांडत आलो. ते भांडण मी या उन्हाळ्यात जिंकले. कसं जिंकले ते सांगते.

लहानपणी आम्ही कासारवाडीत दोन खोल्यांत राहायचो. वडील एका कंपनीच्या गेस्ट हाऊसवर ड्रायव्हर होते. तिथले एक जपानी साहेब मुदत संपवून परत गेले आणि जाताना घरातल्या नको असलेल्या वस्तू वाटून गेले. कोणाला पंखा मिळाला, कोणाला भाताचा कुकर. वडिलांच्या वाट्याला एक खोकं आलं. त्यात खेळाचं मशीन, त्याच्यासाठी विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणि या मालिकेचे तीन भाग होते: दुसरा, तिसरा, पाचवा. मी नऊ वर्षांची, दादा चौदाचा. मशीन टीव्हीला जोडलं तर चित्र आलं, पण काळं-पांढरं. टीव्ही रंगीत होता, तरी काळं-पांढरं. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं पाहिलं आणि म्हणाला, "जपानचा कलर आपल्या टीव्हीला कळत नाय." एवढं बोलून त्यानं चहा मागितला.

रंग नाहीत आणि अक्षर एक कळत नाही. दुसरा भाग आम्ही चार दिवसांत सोडला, त्यात तीन पावलं टाकली की मारामारी. पाचव्यात नुसतं वाचायचंच काम, तो कपाटावर गेला. राहिला तिसरा. तो दादा खेळायचा आणि मी शेजारी बसून विचारायची, "हा काय म्हणतोय?" मग दादा सांगायचा. म्हातारी आली की म्हातारीचा आवाज, राजा आला की राजाचा. कुणाची साडी हिरवी, कुणाचा घोडा तांबडा, तेही तोच ठरवायचा. मला नवव्या वर्षी वाटायचं की दादाला जपानी येतं. अकराव्या वर्षी कळलं की येत नाही, तरी मी विचारायचं थांबले नाही.

पहिल्या गावाबाहेर नदी आहे. पलीकडे जायचं तर नावाड्याशी बोलायचं, बटण दाबायचं, तो नेतो. खेळात त्या नदीवरून पन्नास-साठ वेळा जावं लागतं, आणि दादाचा नावाडी पन्नास-साठ वेळा वेगळं बोलायचा. त्याची पोरगी पलीकडच्या तीरावर दिलेली. जावई आळशी. नावेला डांबर लावायचं राहिलंय. "एवढे राक्षस मारलेस, त्यातला एखादा कुणाचा बाप असेल की रे," असंही एकदा म्हणाला होता. आमच्या पवना नदीवर जलपर्णी माजली त्या वर्षी नावाड्याच्या नदीतही जलपर्णी आली. कंपन्यांनी सोडलेला फेस आला. नावाडी फेसाला इतक्या शिव्या घालायचा की आई आतून ओरडायची.

दादा एरवी बोलत नाही. दहावीनंतर आयटीआय केलं आणि भोसरीत एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या प्रेसवर लागला, तो आजही तिथेच आहे. आठ तास प्रेसचा आवाज, डाव्या कानानं कमी ऐकू येतं, घरी आला की जेवतो आणि बसतो. लग्नाच्या पहिल्या महिन्यात वहिनीनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ह्यांना माझ्यावर राग हाय का?" राग कसला, तो तसाच आहे. नावाड्याच्या तोंडून बोलायचा तेवढंच. त्याला मुलगी झाली आणि ती चार वर्षांची झाली तेव्हा नावाडी पुन्हा सुरू झाला. मशीन कधीच मोडलं होतं, टीव्हीची गरज उरली नव्हती. शाळेत सोडताना गाडीवर, जेवताना, केस विंचरताना नावाडी. बाप-लेकीत दुसरं बोलणं मी फारसं ऐकलेलं नाही. शाळेत 'माझी आवडती व्यक्ती' या निबंधात तिनं नावाड्यावर लिहिलं. बाईंनी शेरा दिला, 'खऱ्या व्यक्तीवर लिहावे'. दादानं तो कागद जपून ठेवला आहे.

मी जपानी शिकले. पोट भरायला शिकले असं सगळ्यांना सांगते, पण शिकले ती तिसऱ्या आणि पाचव्या भागासाठी. आता मी दुभाषी आहे, आणि चांगली आहे. जपानी साहेब कारखान्यात लाइनवर उभे राहून मिनिटभर बोलले तर ते मिनिट मी पूर्ण देते. आमचे सुपरवायझर माझ्याकडे एका विशिष्ट नजरेनं बघतात, म्हणजे मॅडम, जरा गोड करून सांगा. मी करत नाही. गोड करून सांगणाऱ्या दुभाष्यांची मला चीड आहे. दोन्हीकडचे लोक खूश, आणि माल तिसऱ्या दिवशी परत.

बाविसाव्या वर्षी, मशीन अजून धड होतं तेव्हा, मी शब्दकोश घेऊन पाचवा भाग वाचून काढला. मिठाच्या व्यापाऱ्यांचा तांडा आहे. नायक नाही, राजकन्या नाही. एक स्वयंपाकीण चाळीस तास तुमच्याबरोबर चालते आणि एका फालतू गावात म्हणते, मी इथंच राहते. राहते म्हणजे राहतेच, परत येत नाही, तुम्ही तिला दिलेली चांगली ढालसुद्धा घेऊन जाते. मी रडले. कुणीतरी ते शब्द मोजून लिहिले होते आणि मी ते जसेच्या तसे वाचले होते. त्या दिवसापासून पाचवा माझा.

मग मी तिसरा लावला. नदीवर गेले. नावाड्याशी बोलले. तो म्हणाला, "आज वारा जोरात आहे."

पुन्हा बोलले. "आज वारा जोरात आहे." खेळ संपेपर्यंत, जग वाचवून परत आल्यावरसुद्धा, "आज वारा जोरात आहे." त्याच्या वाट्याला एकच वाक्य लिहिलेलं. तिसऱ्या भागात सगळेच तसे. राजा भिकारडं बोलतो, म्हातारी दुकानाचा पत्ता सांगते. एवढं हलकं लिखाण मी कंपनीच्या सुरक्षा सप्ताहाच्या फलकांवरही पाहिलेलं नाही.

दादाला सांगितलं नाही. दयेनं नाही सांगितलं असं म्हणायला आवडेल, पण खरं म्हणजे हुकमाचं पान म्हणून राखून ठेवलं. पुढं दर दिवाळीला, दर राखीला तो म्हणायचा, "पाचव्यात काय आहे गं? नुसतं चालायचं. तिसऱ्यात माणसं आहेत." मी मनात म्हणायची, एक वाक्य आहे दादा, एक. आणि करंजी खायची.

या वर्षी तिसरा भाग नव्यानं बनवून आला. इंग्रजी अक्षरं, जपानी आवाज, सगळे रंग. भाची आता बारा वर्षांची आहे, तिच्या वाढदिवसाला दादानं नवीन मशीन आणि तो भाग आणला. दादाला गुरुवारची सुट्टी असते आणि मला रविवारची. मी गुरुवारी रजा टाकली. कशाला टाकली, ते मला पक्कं माहीत होतं.

खेळ बघवत नव्हता. शेवाळलेल्या विहिरीला सोनेरी कठडे, गावातल्या बायका मेकअप करून शेण काढतायत. गाव संपायच्या आत पडद्यावर पाटी आली की जादा पोशाख विकत मिळतील. मी नाक मुरडत होते, भाची मात्र घाई करत होती. तिला नदी गाठायची होती. गाठली. पाणी निळंशार, आरशासारखं.

"फेस कुठंय?" ती म्हणाली.

नावाडी होता. लाल बंडी, दात पांढरे. तिनं बटण दाबलं. खाली इंग्रजीत वाक्य आलं. तिनं परत दाबलं. तेच. मी मोजलं नाही, पण तिनं आठ-नऊ वेळा तरी दाबलं असेल.

"पप्पा, हा बिघडलाय का?"

दादा पुढे सरकून बसला. "इंग्रजीत नीट उतरवलं नसणार. जपानीत लाव. आत्या आहे ना, ती सांगेल."

तिनं भाषा बदलली. नावाडी जपानीत बोलला. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दादाच्या डोळ्यांतली ती नजर मी रोज पाहते, लाइनवर, सुपरवायझरच्या तोंडावर. पण सुपरवायझरला नोकरीची काळजी असते. दादाच्या नजरेत विनंती होती, आणि त्यानं उभ्या आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं.

"आज वारा जोरात आहे," मी म्हणाले.

इथे थांबले असते तर मी निदान दुभाषी राहिले असते. दुभाष्यानं पदरचं घालायचं नसतं, हे मी नव्या पोरींना शिकवते. पण मी घातलं. म्हणाले, "पहिल्यापासून एवढंच म्हणतो तो. जुन्या खेळातही. बाकी सगळं तुझ्या पप्पांनी रचलेलं."

"पोरगी?"

"नाही."

"जावई?"

"कुणी नाही गं. एकच वाक्य आहे त्याला." आणि माझ्या आवाजात आनंद होता. तो मला अजून ऐकू येतो आणि अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

दादा हसला. "गंमत होती गं ती," तो म्हणाला, मुलीकडे न बघता. मग उठून कूलरमध्ये पाणी आहे का ते बघायला लागला. पाणी काठोकाठ होतं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिचं माहेर राजगुरुनगरकडचं, रागावली की तिकडची बोली वर येते. "तुमाला एकलीलाच कळतंय व्हय?" ती मला म्हणाली. "आमी लगीन झाल्यापास्नं ऐकतोय. जपानी येत न्हाई म्हून काय डोकं न्हाई का? आन् ही पोरगी निबंध लिहिती, तिला काय म्हाईत नसंल?"

मी भाचीकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती. वहिनीचं खरं होतं. तिला माहीत होतं, बारा वर्षांच्या मुलीला कळतं. ती मघापासून बटण दाबत होती ते बापानं बोलावं म्हणून दाबत होती, आणि मी मध्ये तोंड घातलं होतं.

तिनं रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. मग खेळात पुन्हा नावाड्यासमोर जाऊन उभी राहिली. "पप्पा," ती म्हणाली, "आता तुम्ही बोला त्याचं."

दादा कूलरपाशी उभा होता. तोंड उघडलंही त्यानं, ओठ नावाडी बोलतो तसे जरा वाकडे झाले. मग त्याची नजर माझ्यावर पडली. मी समोरच बसले होते, पाठ ताठ, मीटिंगमध्ये बसते तशी. त्यानं तोंड मिटलं.

"आत्याला विचार," तो म्हणाला. "तिला वाचता येतं."

भाचीनं मला काहीच विचारलं नाही. कंट्रोलर सतरंजीवर ठेवला आणि आईला पोळ्या लाटू लागायला आत निघून गेली.